बाल्कनीतलं जिरेनियम वेगळं

उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधलं जिरेनियम म्हणजे आपल्या कुंडीतलंच, फक्त रानटी, असं काही जण म्हणतात ते पटलं नाही. कुंडीतलं ते पेलार्गोनियम, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. व्हॅलीच्या वाटेवरच्या घांघरिया गावाच्या पुढे दिसतं ते जिरेनियम वॉलिचियानम, अस्सल हिमालयातलं. ऑगस्टमध्ये गेलो होतो तेव्हा पायवाटेच्या कडेला ओल्या उतारावर झुडपांच्या आधाराने पसरलेलं होतं, जांभळट पाकळ्या पाचही सारख्या आणि त्यांवर गडद शिरा, बघतच बसलो पावसात! फूल गळलं की करकोच्याच्या चोचीसारखं फळ धरतं, ते वाळलं की त्याच्या पट्ट्या झटकन वर वळतात आणि बी लांब उडतं. हिवाळ्यात वरचा पाला सगळा मरतो पण बर्फाखाली जाड मूळ जिवंत असतं, पुढच्या वर्षी त्यातूनच परत फुटतं.