मदत हवी आहे: पेन ड्राइव्हवरच्या गाण्यांचा आवाज एकसारखा कसा करावा?

गेल्या वर्षभरात मनात बसलेली ४२ गाणी गाडीसाठी पेन ड्राइव्हवर घेतली आहेत. सगळी ३२० केबीपीएस एमपी३, ड्राइव्ह एफएटी३२. क्रमाचा घोळ मिटला: माझा डेक (गाडीतला म्युझिक प्लेअर) नावाप्रमाणे नाही, कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतो, म्हणून फॉरमॅट करून गाणी एकेक टाकली.

अडलंय ते आवाजावर. मैफलीतले अभंग ८२-८३ डेसिबलचे, सिनेमाची गाणी थेट ९६. सोलापूर-पुणे रस्त्यावर काचा बंद असूनही अभंगातला तानपुरा विरून जातो; आवाज वाढवावा तर पुढच्या गाण्याचा ढोल कानावर आदळतो.

रिप्लेगेनचे टॅग (गाणं किती मोठ्याने वाजवायचं याची फाइलमधली नोंद) डेक वाचतच नाही. एमपी३गेन या आवाज एकसारखा करणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळं ८९ वर आणलं (१.५ डेसिबलच्या पायऱ्या, पुन्हा एन्कोडिंग नाही, मूळ प्रती वेगळ्या ठेवल्यात), तर पखवाजाची थाप क्लिप होऊन (मर्यादेबाहेरची टोकं कापली जाऊन) फाटते. सरसकट कॉम्प्रेसर (मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करणारा) नको, आलापातला चढउतार त्यात मरतो. नवा डेकही सध्या नाही.

सगळंच ८३ वर उतरवलं तर डेक पूर्ण वाढवावा लागेल आणि स्पीकरमधली खरखर वर येईल, ही धास्ती. की फक्त अभंगांना ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये लिमिटर लावून थापेची टोकं ३-४ डेसिबल दाबावीत? तसं केलं तर पखवाजाचा ‘धा’ बोथट होतो का?