जन्मभर एकच अल्बम: माझं मत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला

केदारनाद:
नियम आधी सांगतो. जन्मभर ऐकायला एकच अल्बम निवडायचा, तोही मुळात अल्बम म्हणून बेतलेला. निवडक गाण्यांचे संग्रह बाद. माझी निवड १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरव रागापासून रात्रीच्या पहाडी रागापर्यंत. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. शब्द नाहीत, म्हणूनच निवडला. शब्द पाठ झाले की कान ऐकायचं सोडतो, पुढची ओळ मनातच म्हणून मोकळा होतो.

कृष्णाकाठ:
साफ असहमत. शब्द तेच राहतात, ऐकणारा बदलतो. ‘पराधीन आहे जगती’ लहानपणी रामनवमीला लाउडस्पीकरवर कानावर पडायचं, तेवढंच. दशरथ गेल्यावर राम ते भरताला सांगतो, हे माझे वडील गेल्यावर खऱ्या अर्थानं कळलं. संतूर हे सांगेल? माझं मत गीतरामायणाला.

केदारनाद:
नियमात बसत नाही! १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ते आठवड्याला एक असं लागायचं, एकूण ५६ गाणी. गायकही वेगवेगळे, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे वगैरे. संपूर्ण बाबूजींच्या, म्हणजे संगीतकार सुधीर फडक्यांच्या, आवाजातल्या तबकड्या नंतर आल्या. ती मालिका होती, अल्बम नव्हे.

कृष्णाकाठ:
नियम करणारे तुम्हीच, बाद करणारेही तुम्हीच. छान आहे. बाय द वे, तुमच्या बिनशब्दांच्या अल्बमचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतला माणूस!

मंद्रपंचम:
तुमच्या भांडणात भूप राग राहून गेला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’तला भूप काही मिनिटांत आटोपतो. गोड आहे, पण ओळख करून देतो आणि निघतो. किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्री या रागांची तबकडी काढा. ‘प्रथम सुर साधे’ आणि पाठोपाठ ‘सहेला रे’. गंधारावर, म्हणजे ‘ग’ या स्वरावर, बाई किती वाटांनी येतात ते मोजायला गेलात तरी जन्म पुरणार नाही. शब्द आहेत, पण ते आड येत नाहीत.

केदारनाद:
मैफल असती तर मान्य. हे ध्वनिमुद्रण आहे, शंभरदा ऐकलं की तीही वाट पाठ होते.

मंद्रपंचम:
आणि तुमचं संतूर दर वेळी नवं वाजतं वाटतं?

केदारनाद:
बरं, हा वार लागला. पण भूप हा रात्रीचा राग, बागेश्री त्याहून उशिराची. तुम्ही जन्मभर सकाळी काय ऐकणार? माझ्याकडे पहाट आहे.

मंद्रपंचम:
आहे ना, पण ती लावल्यावर चाळीस मिनिटांत रात्र होते. मी आठ वाजता चहाबरोबर भूप लावतो. एकच तबकडी उरल्यावर कसला रागाचा समय पाळताय?

कृष्णाकाठ:
५६ गाणी असती तर ही वेळ आली नसती, एवढंच नोंदवते.

जुनीकॅसेट:
एवढे दर्दी जमलेत आणि पावसाच्या गाण्यांच्या ‘गारवा’ अल्बमचं नाव कुणी घेतलं नाही? १९९८ साली आमच्या कॉलेजात पाऊस त्या कॅसेटमधून पडायचा. पावसाळ्यात काय करणार आहात सगळे?

केदारनाद:
पावसाचा राग देस आहे की माझ्याकडे, तबकडीच्या दुसऱ्या बाजूला.

जुनीकॅसेट:
देसचा पाऊस वेगळा, त्यात कॉलेजची पोरं भिजत नाहीत. जून ते सप्टेंबर मी तुमच्याकडे फिरकणार नाही.