सोलापूर–मुंबई : वडिलांना विमानाने न्यावं की गाडीने?

सोलापूरकरांनो, मदत हवी आहे. वडिलांचं मणक्याचं दुखणं आहे, परळला डॉक्टरांनी सकाळी अकराची वेळ दिली आहे. रस्त्याने टेंभुर्णी, इंदापूर, पुणे, मग एक्सप्रेस वे, असं सुमारे ४०० किलोमीटर. सात-आठ तास त्यांना बसवणार नाही. तास-दीड तास झाला की ते सीटचा कडा घट्ट धरून बसतात, बोलत मात्र काही नाहीत. ते बघवत नाही.

हवाई अंतर साधारण ३५५ किलोमीटर, म्हणजे विमानात फार तर तासभर. पण होटगी रोडच्या विमानतळावर आधी पोहोचायचं, तिकडे उतरून परळपर्यंतची ट्रॅफिक. घरापासून दवाखान्यापर्यंत प्रत्यक्षात किती वेळ लागतो? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा. मुख्य म्हणजे विमानाच्या पायऱ्या. व्हीलचेअर आधी सांगितली तर वर चढवायला माणसं मिळतात का?

वंदे भारत दुपारी पोहोचते, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम आला. सिद्धेश्वर एक्सप्रेसला रात्री आडवं होता येतं, दादरहून परळ जवळ. मला तीच बरी वाटते, पण खालचा बर्थ मिळाला नाही तर काय करता?