गाडीच्या काचांची फिल्म : काम नीट झाले आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?

धागाकर्ता

परवा कोथरूडला सिग्नलपाशी माझ्यापुढे एक जुनी सेडान उभी होती. तिच्या मागच्या काचेवरची फिल्म जांभळी पडून सुरकुतली होती आणि खालच्या कोपऱ्यात तिची साल निघाल्यासारखी झाली होती. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजू लागले, तरी माझे लक्ष त्या काचेवरच होते. कारण नेमकी तशीच काच आमच्या 2005 सालच्या होंडा सिटीला होती आणि ती तशी होण्याला सर्वस्वी मीच जबाबदार होतो.

गाडी घेतल्यावर महिनाभरातच मी हौसेने काळी फिल्म लावून घेतली. चारही दरवाजे आणि मागची काच मिळून काम पाऊण तासात झाले, याचेच मला त्या वेळी कौतुक वाटले होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काचा आरशासारख्या दिसत होत्या. वडिलांनी मात्र एक काच चार बोटे खाली घेतली, वरच्या कडेवरून नख फिरवले आणि "ही कड सरळ नाही," एवढेच म्हणाले. मी ते हसण्यावारी नेले. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कडेपासून फिल्म सुटू लागली, तिसऱ्या वर्षी रंग जांभळा झाला, आणि रात्री गाडी मागे घेताना वडील काच उतरवून मान बाहेर काढू लागले.

27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावण्यास बंदी घातली. 4 मेपासून ती अमलात यायची होती, म्हणून आम्हीही घाईघाईने फिल्म काढायला गेलो. कारागिराने मागच्या काचेवर पाते चालवले आणि फिल्मबरोबर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे बाष्प घालवणाऱ्या, तीन तारा खरवडून निघाल्या. त्यानंतर गाडी विकेपर्यंतचे सगळे पावसाळे वडिलांनी मागची काच आतून फडक्याने पुसत काढले. मला मात्र त्यांनी त्यावरून एकदाही बोलून दाखवले नाही.

आता केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 मधील बदल 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे आणि त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये, पुढच्या व मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत येत असेल तर प्रमाणित फिल्म चालेल, असा निकाल दिला. त्या धीरावर गेल्या रविवारी मी नव्या गाडीला सिरॅमिक फिल्म लावून घेतली. काम बरे वाटते आहे. पण ते मागेही वाटले होते. तुम्ही असे काम कसे पारखलेत आणि कुठे फसलात, ते कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा

तुमच्या वडिलांनी नख फिरवले तिथेच सगळे आले. आमच्याही गाडीची फिल्म कडेपासूनच सुटली होती. फरक इतकाच, की आमच्या वडिलांनी कड पाहिली नाही, थेट बिल पाहिले आणि त्यानंतर काचेकडे पाहण्याचे त्राण त्यांच्यात उरले नाही.

पूर्वीचा कारागीर

मी सहा वर्षे हेच काम केले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

दरवाजाच्या काचेवर फिल्म लावताना सर्वांत मोठा शत्रू म्हणजे काचेच्या खालच्या बाजूची रबराची आणि फेल्टची पट्टी. वर्षानुवर्षांची धूळ तिच्यात बसलेली असते. फिल्मच्या गोंदावरचा संरक्षक कागद काढला, शाम्पूच्या पाण्याने काच आणि गोंद दोन्ही भिजवले, फिल्म काचेवर बसवली आणि खालची कड त्या पट्टीच्या आत सारली, की पट्टीतली धूळ पाण्याबरोबर वर चढून गोंदात अडकते. म्हणून चांगला कारागीर आधी ती पट्टी धुऊन कागदी चिकटपट्टीने झाकतो किंवा काच दोन टप्प्यांत करतो : आधी काच थोडी खाली घेऊन वरची कड, मग काच पूर्ण वर चढवून खालची. ज्याला पाऊण तासात पाच काचा उरकायच्या असतात, तो हे करत नाही. तुमच्या दरवाजांच्या काचांवर तळापासून वरच्या चार-पाच बोटांच्या पट्ट्यात रव्यासारखे कण दाट आणि वर विरळ दिसत असतील, तर काय घडले ते समजून घ्यावे.

दुसरी गोष्ट कडेची. वर फिल्मची कड आणि काचेची कड यांच्यात दीड-दोन मिलिमीटरचे अंतर सगळीकडे सारखे असले पाहिजे. ते नागमोडी असेल, तर सुरी हाताने अंदाजे चालवली आहे. अंतर अजिबात नसेल, तर काच वर चढताना फिल्मची कड रबरात घासून उलटते. काहीजण कड इतकी कुशलतेने तासतात की अंतर दिसतही नाही. पण तसा हात असलेले मी सहा वर्षांत दोनच पाहिले.

तिसरी, मागची काच. ती दोन्ही दिशांनी वाकलेली असते आणि फिल्म सपाट असते, त्यामुळे ती आधी काचेच्या बाहेरच्या बाजूने हीट गनने आकसवून काचेच्या आकारात आणावी लागते. हे ज्याला जमत नाही, तो फिल्मचे तीन आडवे तुकडे करतो आणि जोड डिफॉगरच्या तारांवर लपवतो. गाडीच्या मागे दहा पावले उभे राहून पाहिले की ते जोड दिसतात. काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची जी नक्षी असते, तिच्यावर मात्र थोडी पांढुरकी रेघ राहते. ते ठिपके काचेच्या पातळीपेक्षा उंच असल्यामुळे तिथे गोंद पूर्ण टेकत नाही. त्यावरून कारागिराशी भांडू नये, कारण तो बिचारा खरे बोलत असतो.

नवी गाडी, जुना चालक

दादा, माझी शंका आहे. शुक्रवारी फिल्म लावली. आज पाचवा दिवस आहे, आणि पुढच्या डाव्या काचेवर फुगे आहेत. दुकानदार म्हणतो, आपोआप जातील. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

पूर्वीचा कारागीर

आधी फुगा कशाचा आहे ते पाहावे. पाण्याचा असेल तर तो धुरकट दिसतो, बोटाने हलके दाबल्यास किंचित सरकतो आणि दोन-तीन आठवड्यांत वाळून जातो. पावसाळ्यात आणखी थोडा वेळ लागतो. मध्यभागी टाचणीच्या डोक्याएवढा कण असून त्याभोवती तंबूसारखी फिल्म उचललेली असेल, तर तो धुळीचा आहे आणि तो तुमच्या नातवापर्यंत टिकेल. तिसरा प्रकार कडेपाशी बोटासारख्या उभ्या घडीचा असतो, तिला आम्ही बोटच म्हणायचो. तीही वाळून जात नाही. आणि सुरुवातीचे चार-पाच दिवस काच खाली घेतली नव्हतीत ना?

नवी गाडी, जुना चालक

टोलवर एकदा घेतली होती. आता काय बोलणार!

संत्रानगरी

आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे नागपुरात फिल्मचे दुकान चालवणे हे उसाच्या रसाच्या दुकानाइतकेच सोपे असावे. प्रत्येक दुकानात एक दिवा असतो. दिव्यापुढे साधी काच धरतात, तुमचा हात तिच्यामागे ठेवायला सांगतात आणि हात भाजू लागला की मग फिल्म लावलेली काच पुढे करतात. मीही त्या खेळाला भुललो.

नंतर समजले, की त्या दिव्याची उष्णता बहुतेक सगळी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांची असते. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत अवरक्ताचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो आणि उरलेली ऊर्जा मुख्यतः आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची असते. त्यामुळे '90 टक्के अवरक्त रोखते' याचा अर्थ '90 टक्के उष्णता रोखते' असा होत नाही. फिल्मच्या माहितीपत्रकात एकूण सौर ऊर्जा किती रोखली जाते, याचा वेगळा आकडा असतो. तोच विचारावा, आणि तो सांगता न येणाऱ्या दुकानातून उठावे. दिव्यापुढे भाजलेल्या माझ्या तळहाताचे मात्र कोणतेही माहितीपत्रक नाही.

वाळूजकर

फिल्मच्या अस्सलपणाविषयी थोडे लिहितो, कारण काम कितीही सफाईदार असले तरी फिल्म रंगवलेली स्वस्त असेल तर ती विटणारच. अशा फिल्ममध्ये वेगवेगळी रंगद्रव्ये मिसळून काळा रंग साधलेला असतो. ऊन लागून त्यांतील काही लवकर मरतात, काही उरतात, आणि उरलेल्यांचा रंग जांभळा दिसतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमध्ये गरवारे यांचा सूर्यनियंत्रक फिल्मचा कारखाना आहे, त्यामुळे हा विषय इथे घराघरांत बोलला जातो. कोणाचा ना कोणाचा काका त्या औद्योगिक वसाहतीत कामाला असतोच. माझ्या काकांचा नियम असा, की रोल आपल्यासमोर खोक्यातून काढायला लावावा, संरक्षक कागदावरची छपाई वाचावी आणि वॉरंटीच्या कार्डावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा. आधीच कापून ठेवलेले तुकडे घेऊन येणाऱ्या कारागिराला चहा पाजून परत पाठवावे.

आकडेमोड

एक चूक फार जण करतात. बाजूच्या काचेला 50 टक्के चालते म्हणून ते 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मा प्रकाश आत सोडणारी, फिल्म लावतात. गाडीची मूळ काचही थोडी हिरवट असते आणि तिच्यातून साधारण 75 ते 80 टक्केच प्रकाश येतो. 76 टक्क्यांच्या काचेवर 50 ची फिल्म लावली, तर उरतात 38 टक्के, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या मापकावर तुम्ही सरळ नापास. तीच 70 ची फिल्म लावली तर 53 उरतात. माझ्या दुकानदाराकडे मापक होता. त्याने आधी कोरी काच मोजली, मग फिल्म लावल्यावर मोजली आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून दिले. असा दुकानदार लाभणे हे पूर्वपुण्य समजावे.

लेस्टरहून

इथे ब्रिटनमध्ये 1985 च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांसाठी पुढच्या काचेतून 75 टक्के आणि पुढच्या दरवाजांच्या काचांतून 70 टक्के प्रकाश यावा लागतो. वर दिलेला गुणाकार केलात तर लक्षात येईल, की पुढच्या दरवाजांवर काहीही चिकटवण्यास जागाच उरत नाही. आम्ही फक्त मागच्या दरवाजांना लावून घेतली. तीन वर्षांच्या मुलीने पहिल्याच दिवशी त्यावर घोड्याचे चित्र चिकटवले, आणि ते काढताना फिल्मचा टवका निघाला. त्यामुळे कामाच्या दर्जाबद्दल माझे मत देण्यास मी अपात्र आहे.

खालापूरचा नेहमीचा

पुढच्या काचेला धातूचा थर असलेली फिल्म लावून घेऊ नये, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. फास्टॅग रेडिओ लहरींवर चालतो आणि त्याच्यापुढे धातूचा पडदा आला की टोलवरचे यंत्र त्याला ओळखत नाही. खालापूरला माझ्यामागे लागलेल्या रांगेने मला जे ऐकवले, ते इथे लिहिता येणार नाही. काचेवर फिल्म अप्रतिम बसली होती, एकही कण नव्हता. तरीही ते काम वाईटच म्हटले पाहिजे, कारण लावण्यापूर्वी कोणी एका शब्दाने विचारले नाही.

रातराणी

सगळ्यांनी दिवसा पाहण्याबद्दल लिहिले आहे. मी रात्रपाळीची परिचारिका आहे आणि पहाटे तीनला गाडी चालवते, म्हणून माझी कसोटी वेगळी आहे. फिल्म लावल्यानंतर पहिल्याच रात्री, पाऊस नसताना, समोरून येणाऱ्या दिव्यांकडे पाहावे. दिव्याभोवती दुधासारखे वलय पसरत असेल किंवा एका दिव्याच्या दोन प्रतिमा दिसत असतील, तर फिल्म कितीही महाग असली तरी ती परत करावी. मग बाजूच्या आरशात पाहावे. आपण तो आरसा काचेतून पाहतो, हे दुकानात कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या आधीच्या गाडीत नेमकी आरशासमोरच्या कोपऱ्यात फिल्मची घडी होती आणि तिच्यामुळे मागून येणारी दुचाकी क्षणभर नाहीशी होऊन पुन्हा दिसायची. ती घडी दिवसा कधी जाणवली नाही. एका दुचाकीस्वाराच्या नशिबाने आणि माझ्या ब्रेकने मला ती दाखवली. दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही पुढच्या काचांची फिल्म काढून टाकली.

घाटमाथा

ताई, वाचून अंगावर काटा आला. आरशाचे हे आमच्याही कधी लक्षात आले नव्हते. आजच पाहतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सूर्य कलल्यावर गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी केली, आत बसलो आणि पुढच्या सीटवरून एकेक काच पाहिली. कडा सरळ आहेत, मागची काच एकसंध आहे, रात्री दिव्यांना वलय नाही. दुकानात मापक नव्हता, त्यामुळे आकडेमोड यांच्या गुणाकारावर समाधान मानले आहे. मात्र मागच्या उजव्या काचेत, तळापासून वीतभर वर, फिल्मच्या आत एक केस आहे. तो काळा, लांब आणि थोडा कुरळा आहे. माझा तो असू शकत नाही, कारण मला केस उरलेले नाहीत. हिचे पांढरे झाले आहेत आणि कारागीर टोपी घालून होता.

वडिलांना गाडी दाखवायला घेऊन गेलो. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आधी काच चार बोटे खाली घ्यायला सांगितली, कडेवरून नख फिरवले, मग चष्मा कपाळावर चढवून तो केस बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ह्याचे पैसे देऊन झालेत का?"

दिले आहेत. रविवारी ती एक काच पुन्हा करून देण्याचे दुकानदाराने कबूल केले आहे आणि वडील सोबत येणार आहेत.