मदत हवी आहे : नाइटच्या आठवड्यात जेवायचं कधी आणि काय?

नमस्कार. मी स्टाफ नर्स, वय २६, पुण्यात मेडिसिन वॉर्डला. महिन्यातले दोन आठवडे नाइट, रात्री ८ ते सकाळी ८. वर्षभर पोटाने छळ मांडलाय.

साडेसहाला उठून चहा-बिस्कीट. ओव्हर घेतली (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती), दहाची इंजेक्शनं आटोपली की डबा उघडायला एक वाजतो. तोही निम्माच, बेल वाजतेच. तीनला डोळे मिटायला लागले की चहा आणि कुणीतरी आणलेलं फरसाण. सकाळी गेटबाहेर वडापाव, मग लगेच आडवी. उठते ती छातीतली जळजळ घेऊनच.

दुसरं लिहायला संकोच वाटतो. पोट साफ व्हायची माझी वेळ सकाळी सहाची, आणि नेमकी तीच ब्लड कलेक्शनची. दाबून धरायची सवय लागलीये. वॉर्ड सोडून बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीही कमी पिते. आता सुट्टीतसुद्धा तीन-तीन दिवस होत नाही. पेशंटला "भरपूर पाणी प्या, पालेभाज्या खा" सांगताना माझं मलाच हसू येतं.

आणि पॅन्टोप्राझोल ४०, ॲसिडिटीची गोळी. आठ महिने रोज, कुणाला न विचारता, जेवण झाल्यावर. मध्ये चार दिवस बंद केली तर जळजळ दुप्पट.

आई म्हणते ताक पी. रात्री दोनला ताक चालेल? वजन उतरलेलं नाही, शौचातून रक्त नाही. एचबी (हिमोग्लोबिन) ९.८ आहे, पण ते आमच्या बॅचमध्ये सगळ्यांचंच कमी.

जायफळ : मी फिजिशियन आहे. पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. बरेच महिने घेऊन एकदम थांबवली की आम्ल उसळी मारतं, म्हणून ती दुप्पट जळजळ. मात्रा हळूहळू उतरवतात. पण ताकाचं नंतर बघू, तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत ते ९.८ आधी. बायकांमध्ये १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया, मग बॅचमध्ये कितीही जणींना असो. पाळीत जास्त जातं का? पाठीसाठी पेनकिलर घेता का? फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि एच. पायलोरी (जठरातला जंतू) तपासा. पायलोरीच्या श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे बंद लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ओपीडीत विचारून बंद करा, स्वतःच्या मनाने नको.

जुनी सिस्टर : अगं, मुख्य जेवण सातलाच करून निघ, भाजी-भाकरी, पोटभर. रात्री मुगाची खिचडी, केळं, फुटाणे एवढंच. ताक सोसत असेल तर पी की! चहा मात्र जेवणाला लागून नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही. सकाळी वडापावऐवजी अर्धी प्लेट उपमा. आणि जोडीदारणीशी ठरवून घे, पावणेसहाला दहा मिनिटं तुझे पेशंट ती बघेल, मग तिचे तू. आम्ही बावीस वर्षं असंच केलं.

धागाकर्ती : पाळी सात दिवस असते, पहिले तीन फार. पेनकिलर तेव्हाच. परवा नाइट ऑफ आहे, तेव्हा दाखवते. फक्त आमच्याच ओपीडीत दाखवू की बाहेर? इथे केस पेपर काढला तर संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांना माझं बद्धकोष्ठ कळलेलं असेल.