हवाईच्या पपईचं बी मागवू का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. शहाद्याकडे माझी पाच एकर पपई आहे, तैवान ७८६. गेल्या वर्षी झाडं छातीएवढी झाली, फुलं लागली आणि शेंड्याची पानं पिवळी पडून आकसली. देठांवर तेलकट हिरव्या रेघा, फळांवर गोल गोल कडी. आठ-आठ दिवसांनी मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारणी केली, तरी व्हायरस ओळीओळीनं सरकत गेला. निम्मी बाग उपटली. ट्रॉलीत टाकलेल्या फळांतून चीक गळत होता, माझ्यानं बघवेना.

मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तो सांगतो, तिकडे हवाईची 'रेनबो' पपई मिळते, जनुक घातलेली, तिला हा रोग लागत नाही. फळातल्या बिया पाठवू का विचारतोय.

हिरवंपान
दादा, नका मागवू. मी वनस्पतींच्या विषाणूंवरच काम करते, म्हणून कळकळीनं सांगते.

हवाईतही अगदी तुमच्यासारखंच झालं होतं. ओआहू बेटावर रिंगस्पॉटनं, म्हणजे फळांवर कडी पाडणाऱ्या याच व्हायरसनं, बागा संपवल्या, म्हणून शेतकरी दुसऱ्या बेटावर, पुना भागात गेले. तिथे मे १९९२ मध्ये तोच व्हायरस पोचला. नशीब एवढंच की शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच तयारी ठेवली होती. व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचं जनुक त्यांनी पपईत घातलं होतं. असं जनुक असलं की झाड त्या व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, ओळखतं आणि त्याचे तुकडे करतं. १९९८ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांना बी फुकट वाटलं, आणि पुना भागातल्या बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

पण ते जनुक हवाईच्या व्हायरसचं. ओळख जुळली तरच झाड लढतं. दुसऱ्या देशांतल्या व्हायरसपुढे रेनबो कमी पडलेली आहे. शिवाय ती संकरित, फळातलं बी लावलं तर साधारण चारातलं एक रोप जनुकाविनाच निघेल. आणि परवानगीशिवाय असं बी आणणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे व्यापारी लागवडीत जीएम, म्हणजे जनुक घातलेलं पीक, फक्त बीटी कापूस, तोही २००२ पासून. आपल्याच व्हायरसच्या जनुकाची पपई इथे तपासून शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

यावलचा_बागायतदार
ताई, अशी पपई खाणाऱ्याला काही बाधेल का? घरात लहान पोरं आहेत.

हिरवंपान
रोगट बागेतलं फळ आपण खातो, त्यात अख्खा व्हायरस असतो, आवरणासकट. जनुक घातलेल्या फळात त्याच्या मानानं ते प्रथिन फारच थोडं. जपानसारख्या काटेकोर देशानंही २०११ मध्ये रेनबोला मान्यता दिली.

आणि तापीकाठ दादा, फवारणीनं मावा मरतो, पण उशिरा. तो पपईवर वस्तीला राहत नाही. येता-जाता सोंड टोचतो आणि तेवढ्या काही सेकंदांत व्हायरस देऊन जातो. म्हणून रोपं जाळीत वाढवा, कडेनं मका दाट पेरा. मक्यात सोंड खुपसली की तिच्यावरचा व्हायरस तिथेच पुसला जातो. रोगट झाड दिसलं की त्याच दिवशी उपटा. काकडी-भोपळ्याचे वेल जवळ नकोत, त्यांच्यातही हा व्हायरस राहतो.

तापीकाठ
ताई, माझ्या बागेला लागूनच काकडीचा मांडव आहे. पहिलं पिवळं झाड त्याच बाजूच्या ओळीत दिसलं होतं. भावाला बियांचं नको म्हणून कळवतो. मांडव यंदा विहिरीपलीकडे नेतो आणि मका पपईच्या महिनाभर आधी पेरतो.