१४ जानेवारी, पानिपत: दीडशे पानांचं जेवण

हुरडा
१७६१ च्या पानिपतच्या लढाईच्या स्मरणार्थ काला आंब या रणभूमीवरच्या स्मारकापाशी कार्यक्रम होतो. त्यानंतर मराठी मंडळी आणि रोड मराठा (त्या लढाईनंतर हरियाणात राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणारा समाज) कुटुंबं यांचं एकत्र जेवण पानिपतातच असतं. साधारण दीडशे पानं. आचाऱ्याचा मेनू ठरलेला: श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. लोक जेवून उठतात तेव्हा लग्नाला आल्यासारखं वाटतं, अशी तक्रार आहे. यंदा पिठलं-भाकरी करावी असं समितीत चाललंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इतक्या भाकऱ्या गरम कशा वाढायच्या? जेवणाला स्मरणाची काही जोड कशी द्यावी? आणि फलकावर ‘संक्रांत कोसळली तो दिवस’ असं लिहायचंय, ते बरोबर आहे का?

झारा
भाकरीचा नाद सोडा. माणशी दीड धरली तरी सव्वादोनशे होतात. एका तव्यावर तासाला तीसच्या वर निघत नाहीत, म्हणजे चार तवे, चार हात आणि दोन तास. पहिली शंभर वाढायला येईपर्यंत चामड्यासारखी झालेली असतात. बाजरीत गहू-मैद्याचा चिकटपणा नाही, त्यामुळे भाकरी गार होताच ताठरते. झाकून रचून ठेवली तर वाफेने खालच्या ओलसर होतात आणि वरच्या कडकच राहतात. हवीच असेल तर चतकोर प्रसादापुरती: चाळीस भाकऱ्या, चार किलो पीठ. पीठ त्याच आठवड्यात दळलेलं घ्या, बाजरीचं जुनं पीठ कडू लागतं.

त्याऐवजी बाजरीची खिचडी करा. हरियाणात थंडीत ती घरोघरी असते, आपल्याकडेही नवी नाही, त्यामुळे कुणाला परकी वाटणार नाही. दीडशे पानांना बाजरी ९ किलो, सालाची मूगडाळ ३ किलो. बाजरीवर किलोमागे अर्धी वाटी पाणी शिंपडून वीस मिनिटं मुरू द्या, मग कुटून किंवा मिक्सरवर थांबत थांबत फिरवून कोंडा पाखडा. इथे आळस केला की घशात टोचते आणि निम्मी पानात राहते. सहा तास भिजवून साठ लिटर पाण्यात, दोन पातेल्यांत अर्धी-अर्धी लावा. एका पातेल्यात लावली तर मधली शिजेपर्यंत तळ लागतो. उघड्यावर सव्वा तास धरा. मीठ शेवटी, सहाशे ग्रॅमपासून सुरू करून चव बघत जा. तळ लागलाच तर झाऱ्याने खरवडू नका, वरची खिचडी दुसऱ्या पातेल्यात काढा. खरवडली की करपल्याचा वास सगळ्यात उतरतो. वर साजूक तूप, एकूण ३ किलो. शेजारी कढी आणि लसणाची चटणी. टोमॅटो आणि बटाटा लढाईच्या काळी आपल्या स्वयंपाकात नव्हते, तेवढं पाळलंत तरी पुष्कळ. मिरची मात्र होती.

बखरवाचक
फलकावरची ओळ काढा. आज संक्रांत १४ जानेवारीला येते म्हणून ती त्या वर्षीही त्याच दिवशी होती असं होत नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. १७६१ मध्ये ती लढाईच्या तीनचार दिवस आधीच होऊन गेली होती. लिहायचंच तर ‘बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२’ लिहा.

स्मरणाचं म्हणाल तर या दिवसाचा गाभा भूक आहे, आणि पक्वान्नं खटकतात ती त्यामुळेच. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याला मराठ्यांच्या हाती धान्याचा साठा लागला होता. पण अब्दाली बागपतापाशी यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर बसला, डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. काशीराज (अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौलाचा कारभारी) याच्या वृत्तांतात सरदार सदाशिवरावभाऊंना सांगतात की दोन दिवस अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढू. मग विडे घेतले गेले आणि सकाळी तोंडाला हळद लावून फौज बाहेर पडली.

म्हणून आधी द्रोणात मूठभर फुटाणे, माणशी २५ ग्रॅम, एकूण ४ किलो. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं तेवढंच खायचं. त्यानंतर गरम खिचडी. विडाही जेवणाआधी द्या. एरवी विडा म्हणजे जेवण संपलं, इथे तो शपथेचा आहे, आणि हा उलटा क्रम लोकांच्या लगेच ध्यानात येतो. पाहुण्यांना भुकेलं बसवून तासभर भाषणं मात्र नकोत.

कोहरा४४
वर सगळं मांडलंय, पण हवेचा हिशोब कुणी धरला नाही. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो आणि नंतर धुकं कधी उतरेल याचा नेम नाही. दिल्ली नव्वद किलोमीटरवर असली तरी धुक्यात तिप्पट वेळ लागू शकतो. सहाला पान मांडा, साडेसातला गाड्या निघू द्या. भाषणं दुपारी काला आंबलाच उरका. मल्हारराव होळकर लढाईतून निघून गेले की नाही हा वाद पंगतीत एकदा सुरू झाला की खिचडीवर साय धरते. रोड मराठ्यांच्या वंशाचा प्रश्नही तिथे नको. तो इतिहासकारांतही सुटलेला नाही, आणि ती माणसं तुमच्या शेजारी जेवत असतात.

गॅस: थंडीत १९ किलोच्या सिलिंडरचा दाब पडतो, मोठ्या शेगडीला ओढ जास्त म्हणून बाहेरून दव गोठतं आणि ज्योत बसते. दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या. टाकीला कोमट पाण्याचं घमेलं चालेल, जाळ कधीही नाही. तंबूत शेगडी असेल तर दोन बाजू उघड्या ठेवा.

हुरडा
खिचडी पक्की. गोडाला काय? तिळगूळ घरी वळायला माणसं नाहीत.

झारा
वळूच नका. त्या थंडीत पाक परातीतच आळतो, निम्मे लाडू वळायच्या आत फुटतात. बाजारात गजक-रेवडी (तीळ-गुळाची मिठाई) ताजी मिळते, ४ किलो आणा. पुड्या उघड्या ठेवू नका, धुक्याच्या दमटपणाने तासाभरात चिकट होते.